पावणेदोन मिनिटांची शांतता

१ जानेवारी

विम्याच्या एजंटाने ही डायरी दिली. मालती ती वाणसामानाच्या यादीसाठी मागत होती, मी दिली नाही. मोठ्या संगीतरचनाकारांच्या मागे त्यांच्या दैनंदिन्या राहतात आणि पुढे संशोधक त्या वाचतात. माझ्या मागे तूरडाळ दोन किलो एवढंच राहायला नको.

संशोधकांच्या सोयीसाठी: मुकुंद नामदेवराव सोळंके, वय साठ, राहणार मलकपेठ, हैदराबाद. तारनाक्याच्या रेल्वे संस्थेत तेहेतीस वर्षं नकाशे काढले, ऑगस्टमध्ये निवृत्त झालो. तरुणपणी सिकंदराबादच्या एका चर्चमधल्या ऑर्गनवादकाकडे पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलो, तेव्हापासून रचना करतो आहे. एकूण रचना एकतीस. पैकी लोकांसमोर वाजलेल्या: एक. दोन पेट्यांसाठीची सातवी रचना, पुतणीच्या बारशात. चौथ्या मिनिटाला बाळ रडलं आणि बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी विचारलं, "सोळंके, तुम्ही शास्त्रीय संगीतात आहात म्हणे. कुठला राग?" राग नसतो म्हटलं. "मग ताल?" ताल दर ओळीला बदलतो. "मग शास्त्रीय कसं?" मी समकालीन अभिजात संगीत समजावून सांगत होतो तेवढ्यात समोसे आले.

६ जानेवारी

एकतिसाव्या रचनेची स्वच्छ प्रत आज पूर्ण झाली. 'चतुर्वाद्य क्रमांक तीन': दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो; सुरुवात सात मात्रांत. पाच महिने लागले. रेल्वेच्या नकाशांना वापरायचो त्याच पेनाने लिहिली आहे. वाजली नाही तरी भिंतीवर लावता येईल इतकी सुबक.

हिचं मर्म मधल्या शांततेत आहे. सत्त्याऐंशी आवर्तनं वाजतात, मग सव्वीस आवर्तनं चारही वाद्यं पूर्ण गप्प. एका आवर्तनाला चार सेकंद. एकशे चार सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन मिनिटं काही नाही. मग चेलोचा एक खालचा स्वर. सव्वीस हा आकडा रचनेच्या एकूण प्रमाणातून आपोआप आला, असं मी टिपणात लिहिलं आहे. खरं सांगायचं तर आधी सव्वीस लिहिली आणि प्रमाण नंतर शोधलं. पंचवीस करून पाहिली, कमी वाटत होती. सत्तावीसला कंटाळा येत होता.

मालतीला विचारलं, कशी वाटली? ती म्हणाली, "मधला भाग फार चांगला आहे." मधल्या भागात काहीच नाही, हे तिला सांगत बसलो नाही. तिचा संगीताचा कान बेताचाच आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. काल भोगीची भाजी झाली, आज तिळगूळ. स्वयंपाकघरातून गुणगुणण्याचा आवाज येत होता. सूर ओळखीचा वाटला, बहुतेक एखादं जुनं सिनेमातलं गाणं. पोळ्या लाटताना सात मात्रांचा ठेका धरणं सोपं नाही, पण मालती कशालाही काहीही जोडते.

१९ जानेवारी

आज हळदीकुंकू. अठरा बायका. मी आतल्या खोलीत पियानोशी बसलो होतो. (हा पियानो चोवीस वर्षांपूर्वी एका चर्चने काढून टाकला तेव्हा मी आणला. कपाटाएवढा आहे. आठ माणसांनी जिन्याने वर चढवला आणि तेव्हापासून पुढच्या माणसांना पाठदुखी आहे.) मालती दार उघडून म्हणाली, "अहो, ते नवीन वाजवा ना. दार उघडं राहू द्या, बाहेर उकडायलंय." जानेवारीत कसलं उकडतंय? पण वाजवलं. मी वाजवत असेपर्यंत बाहेर चाळण्या वाटणं चालू होतं, आणि मालती सुलतान बाजारातल्या मराठी समाजाचे कार्यवाह हणमंतराव यांच्या पत्नी अनुराधाबाईंना कोपऱ्यात घेऊन काहीतरी सांगत होती. बहुधा चाळणी कुठून आणली ते. माझ्या संगीताकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

२२ जानेवारी

संशोधकांनी ही तारीख लाल शाईने लिहावी!

सकाळी हणमंतरावांचा फोन. समाजाला पंचाहत्तर वर्षं झाली, तेवीस फेब्रुवारीला समारंभ आहे. "सोळंकेसाहेब, स्थानिक कलावंतांची एक मौलिक कृती ठेवावी असा विचार आहे. तुमचं ते चार जणांचं आहे म्हणे?"

चार वर्षांपूर्वी त्यांच्या वार्षिक अंकात मी 'आजच्या रचनेतील पोताचा प्रश्न' हा लेख दिला होता. त्यावर एकही पत्र आलं नाही तेव्हा मी खचलो होतो. पण बघा, लेख माणसाच्या मनात कसा मुरत राहतो. चार वर्षांनी का होईना उगवला. मालतीला हे सगळं सांगितलं. ती "हौ का?" म्हणाली आणि वरण ढवळत राहिली. तिला अशा गोष्टींचं काही वाटत नाही.

दुपारभर मी खोलीतून गॅलरीत आणि गॅलरीतून खोलीत फेऱ्या मारत होतो. साठाव्या वर्षी माझी रचना माणसं माणसांसमोर वाजवणार. ही संधी गेली तर दुसरी यायला आयुष्य उरलेलं नाही.

२ फेब्रुवारी

वादक जमवायला दहा दिवस गेले. पहिलं व्हायोलिन तेजश्री, वय चोवीस, सॉफ्टवेअर कंपनीत, लंडनच्या परीक्षा पास झालेली. चेलोला जोसेफसाहेब, सिकंदराबादचे, वय सत्तर. दुसरं व्हायोलिन आणि व्हियोला वाजवणारे दोघे भाऊ लग्नाच्या ऑर्केस्ट्रातले आहेत. दोघं फक्त तेलुगू बोलतात आणि बोलतातही फक्त एकमेकांशी.

पहिली तालीम आज आमच्याकडे. जोसेफसाहेब चेलो पाठीवर घेऊन जिना चढून आले आणि दारातच बसले.

"सव्वीस पायऱ्यां हैं सोळंके साब! गिन के आया मैं. चौथा माळा है क्या ये?"

पहिलाच मजला आहे, पण जिना जुना, मध्ये वळणारा. मालतीने पाणी दिलं.

तेजश्रीने माझं मराठी टिपण हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. "काका, हे तुम्ही व्हॉइस नोट करून पाठवाल? मला मराठी वाचायला खूप टाइम लागतो." दोन पानं आहेत. मी रात्री बोलून पाठवतो म्हटलं.

सत्त्याऐंशी आवर्तनं कशीबशी झाली. मग शांतता सुरू झाली, आणि चौथ्या सेकंदाला जोसेफसाहेब म्हणाले, "इधर मेरेकु क्या करना है?"

"काही नाही."

"खाली बैठना?"

"मोजायचं. सव्वीस आवर्तनं."

"मौत हो जाती साब इत्ते में."

पुन्हा केलं. या वेळी नवव्या आवर्तनाला धाकट्या भावाला फोन आला आणि त्याने तो घेतला. तिसऱ्या वेळी मोठ्या भावाने उस्मानिया बिस्किट खाल्लं. चौथ्या वेळी खालचं लोखंडी फाटक करकरलं आणि मीच एकदम हात वर करून म्हणालो, "थांबा!"

सगळे आधीच थांबलेले होते. तेजश्री म्हणाली, "काका, काय झालं?"

सवय, म्हटलं. मग सांगावं लागलं. बाबा असताना मी रोज संध्याकाळी पियानोवर बसायचो. ते फिरून यायचे, फाटक वाजायचं आणि माझे हात थांबायचे. बाबांना माझं संगीत आवडायचं नाही. त्यांनी कधी नको म्हटलं नाही आणि कधी वाजव असंही म्हटलं नाही. उदगीरकडच्या शेतकऱ्याच्या घरातून सतराव्या वर्षी हैदराबादला आलेला माणूस, वीज खात्यात कारकून ते अधीक्षक झाला. त्यांना भजन आवडे. मी वाजवतोय तो प्रकार त्यांना काय आवडणार? ते गुडघे धरून एकेक पायरी सावकाश चढायचे, खुर्चीत बसायचे, मग मी झाकण लावून टाकायचो. असं बावीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी ते गेले, पण फाटक वाजलं की हात अजून थांबतात.

जोसेफसाहेबांनी जिन्याकडे पाहिलं, मग माझ्या लिखाणातल्या त्या कोऱ्या सव्वीस आवर्तनांकडे पाहिलं. म्हणाले, "अच्छा. ठीक है. बैठूंगा मैं, चुप."

म्हाताऱ्याला रचनेचं प्रमाण पटलं याचा आनंद झाला.

९ फेब्रुवारी

दुसरी तालीम. शांतता आता बरी जमते. अडचण स्वयंपाकघराची होती, पण तीही सुटली. मालती मिक्सर लावते, कुकर लावते, भांडी आदळते, पण अठ्ठ्याऐंशीव्या आवर्तनाला बरोबर सगळं बंद होतं आणि चेलोचा स्वर आला की मिक्सर परत सुरू. पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा. मी तिला काही सांगितलेलं नव्हतं. योगायोग म्हणायचा.

१२ फेब्रुवारी

हणमंतराव घरी आले. पेशाने वकील, त्यामुळे आधी पोहे खाल्ले, मग बाजू मांडली.

"सोळंकेसाहेब, पंधरा मिनिटं तुमची. मान्य. पण मध्ये ते पावणेदोन मिनिटं कोणी वाजवत नाही म्हणे?"

"ती शांतता आहे."

"हौ, तेच. तेवढ्यात मी जेवणाच्या कूपनांची सूचना देऊन टाकतो. पंगत दोन पाळ्यांत आहे, पब्लिक परेशान होतं. नाही तर असं करा, तेवढा भाग काढूनच टाका. कोणाला कळतंय?"

मी म्हटलं, शांतता हा रचनेचा कणा आहे.

"अहो साहेब, तीनशे माणसं. पडदा उघडा, चार जण हातात वाद्यं घेऊन गप्प. लोकांना वाटेल विसरले. टाळ्या पडतील, शिट्ट्या पडतील. तुमचीच शोभा होईल."

मी म्हटलं, शांतता राहील किंवा रचना राहणार नाही. ते म्हणाले, "मग विचार करावा लागेल," आणि दुसरी बशी पोह्यांची घेतली.

तीस वर्षांनी दार उघडलं आणि मी उंबऱ्यावर भांडतो आहे. सव्वीस आवर्तनं गाळली तर उरलेली सगळी वाजतील. रात्री तशी प्रत करायला घेतली, सत्त्याऐंशीनंतर सरळ चेलोचा स्वर. वाजवून पाहिला. तो स्वर खोटा वाटला. वाट न पाहताच कोणीतरी आल्यासारखा. कागद फाडला.

१३ फेब्रुवारी

समाजाला पत्र लिहिलं. 'सबब, खेदपूर्वक, मी माझी कृती मागे घेत आहे.' तीन मसुदे केले. फोनवर सांगितलं असतं तर आवाज कापला असता. पाकीट बंद करून मालतीला दिलं. ती संध्याकाळी अनुराधाबाईंकडे भजनाला जाणार होती. "हणमंतरावांच्या हातात दे," म्हटलं. तिने पाकीट घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?"

नक्की, म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. साठ वर्षांच्या माणसाने या कारणासाठी रडू नये, पण रडलो. संशोधकांनी हा भाग गाळला तरी चालेल.

१५ फेब्रुवारी

विजय! हणमंतरावांचा फोन. आवाज पडेल होता. "ठीक आहे सोळंकेसाहेब, राहू द्या तुमची शांतता. कूपनांचं आधीच सांगून टाकतो. घरात मलाही शांतता पाहिजे." शेवटचं वाक्य कळलं नाही. पण माझ्या पत्राचा त्यांनी उल्लेखही केला नाही, यावरून ते किती वर्मी लागलं असेल ते दिसतं. माणसाने ठाम राहावं. मालतीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "हौ, तुम्ही फार ठाम."

चहा करायला गेलो तर पत्तीच्या डब्याखाली अगदी माझ्या पाकिटासारखंच एक बंद पाकीट. विजेचं बिल असणार. हलवलं नाही.

१९ फेब्रुवारी

निवेदनासाठी हणमंतरावांना दोन पानी परिचय दिला. त्यात फक्त रचनेची बांधणी आहे, वैयक्तिक काही नको अशी सक्त सूचना केली. त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली, "प्रस्तुत कृतीतील निःशब्द अवकाश हा संरचनात्मक," आणि चष्मा काढून डोळे चोळले.

खालच्या सुशीलाबाई फाटकाशी भेटल्या. वय ब्याऐंशी. त्यांचं बिऱ्हाड तळमजल्यावर, ओटा फाटकाला लागूनच, रस्त्याच्या बाजूला. म्हणाल्या, "मला नेशील ना रे ऐकायला? मी जुनी ऐकणारी आहे." कसली जुनी? मी हो म्हटलं.

२३ फेब्रुवारी

झालं. आज लिहिता येत नाही.

२४ फेब्रुवारी

नीट, क्रमाने लिहितो.

सुलतान बाजारातलं समाजाचं सभागृह गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत माजी अध्यक्ष, दुसऱ्या रांगेत अनुराधाबाई आणि हळदीकुंकवाच्या जवळजवळ सगळ्या अठरा. मालतीने एवढ्या बायका कशा जमल्या याचं काहीच आश्चर्य दाखवलं नाही. मी तिसऱ्या रांगेत कडेला, माझ्याजवळ सुशीलाबाई, पलीकडे मालती.

कूपनांची सूचना झाली. मग हणमंतराव माइकपाशी आले, माझी दोन पानं उघडली, पाहिली आणि घडी करून खिशात घातली.

"आता जे वाजणार आहे ते मला कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण ज्यांनी केलं त्यांच्या वडिलांना मी ओळखत होतो. कैलासवासी नामदेवराव सोळंके. या सभागृहाच्या खुर्च्या चाळीस वर्षं त्यांनी मांडल्या आणि उचलल्या. कधी स्टेजवर आले नाहीत. त्यांचे चिरंजीव मुकुंदराव यांची ही रचना."

वैयक्तिक काही नको असं मी स्पष्ट सांगितलं होतं! मी चडफडत होतो तोवर तेजश्रीने मान हलवली आणि सुरू झालं.

वाजलं, फार चांगलं वाजलं. एकोणतिसाव्या आवर्तनाला भाऊ चुकले, पण दोघं एकदम चुकल्यामुळे ते लिहिल्यासारखं वाटलं. समोरच्या रांगेत एक गृहस्थ पेंगत होते, तेही सात मात्रांत. सत्त्याऐंशी आलं. चौघांनी गज उचलले. शांतता.

एक आवर्तन. दोन. कुणीतरी खोकलं. तिसऱ्याला मागून हलकी कुजबुज. आता टाळ्या, मग शिट्टी, मग हसणं. चौथ्या आवर्तनाला हणमंतराव स्टेजच्या कडेला ताठ उभे राहिले, हात खाली, मान झुकवलेली. ते पाहून माजी अध्यक्ष काठी टेकत उठले. मग पहिली रांग उठली. मग दुसरी. आणि मग खुर्च्या करकरल्या आणि तीनशे माणसं उभी राहिली.

आपल्या माणसांचं असंच आहे. सभेत कैलासवासी माणसाचं नाव निघालं आणि पाठोपाठ शांतता झाली की उठायचं, हे यांच्या पायांना ठाऊक असतं. डोक्याला विचारावं लागत नाही. माझ्या रचनेचा कणा त्यांनी श्रद्धांजली समजून घेतला होता.

मला ओरडावंसं वाटलं, बसा, हे संरचनात्मक आहे! तेवढ्यात स्टेजवर भाऊ उभे राहिले, लोक उभे आहेत म्हणून. तेजश्री उभी राहिली. जोसेफसाहेबांनी चौफेर पाहिलं, छातीवर क्रूस केला आणि चेलो मिठीत धरून तेही उठले. चेलो उभ्याने वाजवता येत नाही. सव्वीस आवर्तनं संपली की स्वर कोण देणार?

सुशीलाबाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठत होत्या, म्हणून मलाही उठावं लागलं. मान खाली घातली. मोजणं सोडता येईना, साठ वर्षांत एवढंच तर शिकलो. अकरा. बारा. तेरा. आणि तेराला मला वाटलं, आता जिन्याच्या वळणावर आले. आता कठड्याला टेकतील, श्वास घेतील. चौदा. आता डावा पाय. पंधरा. उजवा गुडघा धरतील. मी मोजत होतो आणि मला ते चढताना ऐकू येत होते.

सव्वीस पायऱ्या. एकेका पायरीला चार सेकंद.

प्रमाण कुठलं आणि काय कुठलं! बावीस वर्षं मी रोज हात मांडीवर ठेवून हे ऐकलं होतं आणि ते गेल्यावर जसंच्या तसं कागदावर उतरवलं होतं. मला सोडून सगळ्यांना कळलं होतं. त्या जोसेफला पहिल्या दिवशी कळलं. मी बाजूला पाहिलं तर मालती माझ्याकडेच पाहत होती, आणि तिलाही केव्हापासून माहीत होतं ते दिसलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, भर सभेत, पुसायला रुमाल नव्हता.

चोवीसला जोसेफसाहेब खाली बसले. एकटेच. पंचविसाला गज तारेवर ठेवला. सव्वीस. आणि तो खालचा स्वर आला. बाबा येऊन खुर्चीत बसले.

मग तीनशे माणसंही बसली. उरलेला भाग कसा वाजला ते मला सांगता येणार नाही. टाळ्या खूप वाजल्या म्हणे. मागून कुणीतरी "ॐ शांती" म्हणालं, तेही म्हणे.

जेवताना हणमंतराव जिलेबी वाढायला आले. "वडिलांसाठी आहे हे सांगायला लाजलात तुम्ही. मी वकील आहे साहेब, कागदात जे लिहीत नाहीत ते मी आधी वाचतो." मी त्यांना काहीही खुलासा केला नाही. चार जिलेब्या खाल्ल्या.

२६ फेब्रुवारी

हे लिहिण्याआधी एक दिवस घालवला.

काल सकाळी सुशीलाबाईंनी ओट्यावर बोलावलं. म्हणाल्या, "परवा नामदेवराव असायला पाहिजे होते. पण असते तरी आत आले नसते. बाहेरच उभे ऱ्हायले असते."

"का?"

"तू थांबशील म्हणून."

त्याच पुढे म्हणाल्या, "रोज हितं बसायचे की, या ओट्यावर. फिरून लवकरच यायचे, पण फाटक उघडायचे नाहीत. म्हणायचे, सुशीलाबाई, पोरगं वाजवायलंय, मी आत गेलो की थांबतंय ते. बापाला लाजतंय. अर्धा घंटा, कधी पाऊण घंटा. डास चावायचे तरी बसायचे. अंधार पडला की मग नाइलाजाने फाटक उघडायचे."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगू नका म्हणले होते. कळलं तर मुद्दाम वाजवील, मग ते वाजवणं ऱ्हाणार नाही, म्हणले. जित्या माणसाला दिलेला शब्द मोडता येतो, त्यांना दिलेला कसा मोडू? पण परवा मी त्यांच्या पायऱ्या मोजत होते, आणि तू रडलास, तर आता सांगते."

"त्यांना आवडायचं?" हे विचारताना माझा आवाज लहान पोरासारखा झाला.

सुशीलाबाईंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. "आवडायचं का ते नाही माहीत. कळत नाही म्हणायचे. पण उठायचे नाहीत."

ते खाली थांबायचे मी वाजवावं म्हणून. मी वर थांबायचो त्यांनी चढावं म्हणून. बावीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांची वाट अडवून बसलो होतो आणि मधल्या जिन्यात कुणीच नव्हतं. मी झाकण लावायचो ते त्यांच्यावरच्या रागापोटी नव्हे, एवढं तरी त्यांना कळलं असेल का? कळलं असावं. मला फार वाईट वाटतं आहे आणि फार बरंही वाटतं आहे, आणि दोन्ही एकदम वाटायला माणसाला जागा पुरत नाही.

१ मार्च

पुण्याहून फोन. तिथल्या एका मंडळाला 'ते उभं राहायचं चतुर्वाद्य' पाहिजे आहे. उभं राहायचं! मी सांगितलं, उभं राहणं रचनेत नाही, ते श्रोत्यांवर अवलंबून आहे. बोलणाऱ्या बाई अनुराधाबाईंच्या सख्ख्या बहीण निघाल्या. जग किती लहान असतं. माझा लेख पुण्यापर्यंत पोचला असला पाहिजे.

मालतीला सांगितलं. ती हसू दाबत उरलेल्या चाळण्या आवरत होती.

२ मार्च

संध्याकाळी पियानोवर बसलो. बत्तिसाव्या रचनेची सुरुवात आहे, अजून नुसते तुकडे. मालती मलकपेठच्या बाजारात भाजीला गेली होती. अर्धा तास झाला असेल. खाली फाटक करकरलं.

हात उचलले गेले. मग मी ते परत खाली ठेवले आणि वाजवत राहिलो. पहिली काही आवर्तनं भलतीकडेच गेली, बोटांना ओशाळल्यासारखं झालं होतं. नंतर जमलं. मुद्दाम मोजलं नाही, तरी सव्वीस होऊन गेली, पन्नास होऊन गेली, आणि जिन्यात पाऊल वाजेना.

गॅलरीतून वाकून पाहिलं. फाटक अर्धं उघडं होतं आणि मालती बाहेरच सुशीलाबाईंच्या ओट्यावर बसली होती, मेथीची पिशवी मांडीवर घेऊन, पाठ भिंतीला टेकून. सुशीलाबाईंना काहीतरी बोटाने दाखवून सांगत होती. सात मात्रा मोजून दाखवत होती. ओट्यावरची ती दोघींमधली जागा बरीच घासून गुळगुळीत झालेली आहे, हे मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

वर पाहून तिने विचारलं, "का थांबलात?"

मी आत आलो आणि पुन्हा सुरू केलं. मेथी आज उशिरा झाली.